अधिवेशनाचा पहिला दिवस : सभागृहाचा आणि आपला

राज्य विधिमंडळाचे अधिवेशन सुरू झाले की दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर मोठी बातमी येते. विधान भवनाच्या पायऱ्यांवर घोषणा, विरोधकांचा चहापानावर बहिष्कार, कोणी कोणाशी हस्तांदोलन केले आणि कोणी तोंड फिरवले, एवढे वाचून आपण पान उलटतो. आत प्रत्यक्षात काय झाले, ते त्याच दिवशी का व्हावे लागते आणि आपल्या गावाशी, आपल्या मुलांच्या शिक्षणाशी त्याचा काय संबंध, याचा विचार आपल्यापैकी फार थोडे जण करतात. मीही करीत नव्हतो. मी बँकेत कारकून. बी. ए.ला राज्यशास्त्र होते. परीक्षेपुरती कलमे पाठ केली आणि विसरलो. ती पुन्हा उघडून वाचावी लागली ती एका प्रसंगामुळे. तो आधी सांगतो.

काही वर्षांपूर्वी आपल्या वस्तीतील काही मुलींची शिष्यवृत्ती रखडली होती. वर्ष संपत आले तरी पैसे खात्यावर जमा होईनात. आम्ही चार-पाच जणांनी मिळून अर्ज तयार केला. कारकुनाचे अक्षर बरे असते या समजुतीने मसुदा माझ्याकडेच आला. घरोघर फिरून सह्या घेतल्या आणि अधिवेशनाचा पहिला दिवस हा शुभदिवस समजून त्याच दिवशी एका आमदारांच्या कार्यालयात अर्ज नेऊन दिला. तेथील गृहस्थांनी पाणी दिले, अर्ज नीट वाचला आणि शांतपणे म्हणाले, "साहेब, प्रश्न देण्याची मुदत केव्हाच संपली. अर्ज ठेवून जा, पुढच्या अधिवेशनाला बघू." पुढच्याच आठवड्यात त्यातल्या एका मुलीची आई कानातली फुले घेऊन सोनेतारण कर्जासाठी आमच्या शाखेत आली. मुलीची फी भरायची होती. फॉर्म मीच भरला.

त्या दिवशी दोष कोणाचा होता याची चर्चा आज करायची नाही. आम्हाला माहिती नव्हती हे खरे. ती माहिती आपल्या विद्यार्थ्यांना असावी म्हणून हा लेख.

अधिवेशन कोण बोलावतो?

भारतीय संविधानाच्या कलम १७४ प्रमाणे राज्यपाल विधिमंडळाचे अधिवेशन बोलावतात. एका अधिवेशनाची शेवटची बैठक आणि पुढच्या अधिवेशनाची पहिली बैठक यांत सहा महिन्यांचे अंतर पडता कामा नये, असे बंधन त्याच कलमात आहे. म्हणजे कोणत्याही सरकारला लोकप्रतिनिधींसमोर न येता वर्षभर कारभार करता येत नाही.

महाराष्ट्रात विधानसभा (२८८ सदस्य) आणि विधान परिषद (७८ सदस्य) अशी दोन सभागृहे आहेत. आपल्या बीड जिल्ह्यातून गेवराई, माजलगाव, बीड, आष्टी, केज आणि परळी असे सहा आमदार विधानसभेवर निवडून जातात. त्यांपैकी केज मतदारसंघ अनुसूचित जातींसाठी राखीव आहे. साधारणपणे वर्षात तीन अधिवेशने होतात : मार्चच्या सुमारास अर्थसंकल्पीय, नंतर पावसाळी आणि डिसेंबरच्या सुमारास हिवाळी. हिवाळी अधिवेशन नागपूरला भरण्यामागे १९५३ चा नागपूर करार आहे.

पहिले काम : शपथ

निवडणुकीनंतर नवी विधानसभा प्रथमच भरते तेव्हा पहिल्या दिवसाला वेगळे महत्त्व असते. २०२४ चेच उदाहरण घेऊ. २३ नोव्हेंबरला निकाल लागले आणि ७ डिसेंबरला मुंबईत विशेष अधिवेशन सुरू झाले. आदल्या दिवशी महापरिनिर्वाण दिन होता. चैत्यभूमीवर अभिवादन करून आपले लोक परतीच्या वाटेवर होते, तेव्हा त्याच मुंबईत विधान भवनात नवे आमदार संविधानाशी निष्ठेची शपथ घेत होते.

या वेळी सभागृहाला निवडलेला अध्यक्ष नसतो. म्हणून राज्यपाल एका सदस्याला हंगामी अध्यक्ष नेमतात. २०२४ मध्ये हे काम कालिदास कोळंबकर यांनी केले. विरोधी बाजूच्या बहुतेक सदस्यांनी मतदान यंत्रांबद्दल शंका घेऊन पहिल्या दिवशी शपथ घेतली नाही. त्यांनी ती दुसऱ्या दिवशी, ८ डिसेंबरला घेतली. निषेध करता येतो, पण शपथ कायमची टाळता येत नाही. कलम १८८ प्रमाणे शपथ घेतल्याशिवाय सदस्याला जागेवर बसता येत नाही आणि मत देता येत नाही. बसलाच तर कलम १९३ प्रमाणे दर दिवसाला ५०० रुपये दंड आहे. रक्कम आज किरकोळ वाटेल, परंतु तत्त्व मोठे आहे. लाखो लोकांनी निवडून दिलेला माणूसही संविधानाला वचन दिल्याशिवाय आमदार म्हणून काम करू शकत नाही.

हे वचन पक्षाला किंवा नेत्याला नसते. संविधानाविषयी खरी श्रद्धा व निष्ठा, देशाची सार्वभौमता व एकात्मता आणि हाती घेतलेल्या कर्तव्याचे प्रामाणिक पालन, एवढेच त्यात असते. आपल्या दृष्टीने लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट अशी की, तिसऱ्या अनुसूचीने दोन मार्ग ठेवले आहेत. ज्याची ईश्वरावर श्रद्धा आहे त्याने ईश्वरसाक्ष शपथ घ्यावी. ज्याची नाही त्याने गांभीर्यपूर्वक दृढकथन करावे. दोघांचा दर्जा एकच. भगवान बुद्धांचा मार्ग अनुसरणाऱ्या माणसाला आपल्या विचाराशी तडजोड न करता सभागृहात प्रवेश करता यावा, अशी वाट संविधानातच आहे.

भाषेबाबतही असेच आहे. ९ नोव्हेंबर २००९ रोजी एका सदस्याने हिंदीतून शपथ घेतली म्हणून सभागृहातच त्यांच्यावर काही सदस्य धावून गेले. त्या प्रकरणी चार आमदारांचे चार वर्षांसाठी निलंबन झाले. मराठीचा अभिमान आपल्या सर्वांनाच आहे. परंतु कलम २१० ने विधिमंडळाच्या कामकाजात राज्याच्या भाषेबरोबर हिंदी आणि इंग्रजीलाही जागा दिली आहे, हे ध्यानात ठेवले पाहिजे.

पहिला दिवस लांबला तर काय होते, हे २०१९ साली महाराष्ट्राने पाहिले. २४ ऑक्टोबरला निकाल लागले. सरकार बनेना म्हणून १२ नोव्हेंबरला राष्ट्रपती राजवट आली. २३ नोव्हेंबरला भल्या सकाळी मुख्यमंत्र्यांचा शपथविधी झाला, पण निवडून आलेल्या आमदारांची शपथ अजून व्हायचीच होती. अखेर २६ नोव्हेंबरला, म्हणजे नेमके संविधान दिनी, सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला की दुसऱ्या दिवशी सायंकाळी ५ वाजेपर्यंत सर्व सदस्यांची शपथ उरकून बहुमताची चाचणी घ्यावी. मुख्यमंत्र्यांनी त्याच दिवशी राजीनामा दिला आणि २७ नोव्हेंबरला आमदारांची शपथ झाली. मतदारांनी निवडून दिल्यावर महिना उलटला, तरी तोपर्यंत त्यांचा प्रतिनिधी सभागृहात बसू शकला नव्हता.

राज्यपालांचे अभिभाषण

शपथेनंतर अध्यक्षांची निवड होते. २०२४ मध्ये ९ डिसेंबरला राहुल नार्वेकर बिनविरोध निवडून आले आणि त्याच दिवशी तत्कालीन राज्यपाल सी. पी. राधाकृष्णन यांचे अभिभाषण झाले. त्यानंतर नवे वर्ष लागले म्हणून ३ मार्च २०२५ रोजी अर्थसंकल्पीय अधिवेशनाच्या पहिल्या दिवशी पुन्हा अभिभाषण झाले. कारण कलम १७६ प्रमाणे निवडणुकीनंतरच्या पहिल्या आणि दरवर्षीच्या पहिल्या अधिवेशनाच्या आरंभी राज्यपालांनी दोन्ही सभागृहांसमोर भाषण करावयाचे असते. मूळ संविधानात ते प्रत्येक अधिवेशनाला होते. १९५१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीने ते वर्षातून एकदा केले.

आपल्या अभ्यासिकेतील एका मुलाने मला विचारले होते, "काका, राज्यपाल 'माझे शासन' असे म्हणतात. मग सरकार त्यांचे असते का?" प्रश्न चांगला आहे. भाषण राज्यपाल वाचतात, पण त्यातील मजकूर मंत्रिमंडळाने मान्य केलेला असतो. राज्याचा कारभार राज्यपालांच्या नावाने चालतो म्हणून 'माझे शासन' असे शब्द येतात. बँकेतली भाषा वापरायची तर ही सरकारने जनतेला लिहून दिलेली वचनचिठ्ठी आहे. गेल्या वर्षी काय केले आणि येत्या वर्षी काय करणार, हे त्यात मांडलेले असते. पुढे आभारप्रदर्शक प्रस्तावावर चर्चा होते. नाव आभाराचे असले तरी त्या चर्चेत सरकारच्या कोणत्याही धोरणावर बोट ठेवता येते. हा प्रस्ताव सरकार हरले तर त्याचे बहुमत गेले असे मानले जाते.

३ मार्च २०२२ रोजी तत्कालीन राज्यपाल भगतसिंह कोश्यारी यांनी घोषणांच्या गदारोळात अभिभाषण काही क्षणांतच आटोपते घेतले. दुसऱ्या दिवशी चर्चा गदारोळाचीच झाली. चिठ्ठीत काय लिहिले होते ते किती जणांनी वाचले असेल?

ज्या अधिवेशनाला अभिभाषण नसते, त्याचाही पहिला दिवस रिकामा नसतो. दिवंगत सदस्यांना श्रद्धांजली वाहिली जाते, पुरवणी मागण्या येतात, सभागृह बंद असताना काढलेले अध्यादेश पटलावर ठेवले जातात. कलम २१३ प्रमाणे सभागृह भरल्यापासून सहा आठवड्यांत कायदा झाला नाही तर अध्यादेश आपोआप संपतो. ते दिवस मोजायला सुरुवात याच दिवसापासून होते.

बाबासाहेबांचा पहिला दिवस

आज आपण हे सारे घरबसल्या पाहतो. आपल्या आजोबा-पणजोबांना हे दिवस नव्हते. बीड जिल्हा निजामाच्या राज्यात होता. १७ सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद संस्थान मुक्त झाले आणि त्यानंतरच्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत आपल्याकडच्या गरीब माणसाच्या हाती प्रथम मतपत्रिका आली. १ नोव्हेंबर १९५६ पासून आपला जिल्हा मुंबई राज्यात आणि १ मे १९६० पासून महाराष्ट्रात आला.

निजामी राज्यात आपली माणसे मुकी होती, त्याच काळात मुंबई इलाख्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर विधिमंडळात पोहोचले होते. फेब्रुवारी १९२७ मध्ये त्यांनी मुंबई विधिमंडळात नियुक्त सदस्य म्हणून प्रवेश केला आणि २४ फेब्रुवारीला अर्थसंकल्पावर भाषण केले. उत्पन्न नसेल तर प्राप्तिकर द्यावा लागत नाही, पण शेतकऱ्याचे पीक बुडाले तरी जमीन महसूल द्यावाच लागतो, हा अन्याय त्यांनी आकडे घेऊन मांडला. नव्या सदस्याने इतक्या लवकर इतके नेमके बोलावे, याचा अर्थ अभ्यास आत जाण्याआधीच झालेला होता.

त्यानंतर महिन्याभरात, २० मार्च १९२७ ला, महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला. त्याची मुळेही विधिमंडळातच होती. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करावेत हा सी. के. बोले यांचा ठराव १९२३ मध्येच मंजूर झाला होता. महाड नगरपालिकेनेही तळे खुले केल्याचा ठराव केला होता. कागदावर पाणी खुले झाले. ओंजळीत यायला माणसांना चालत जावे लागले. पुढे १९२८ मध्ये बाबासाहेबांनी महार वतनासंबंधी विधेयक मांडले, पण ते मंजूर झाले नाही. कनिष्ठ गाव वतने नष्ट करणारा कायदा झाला तो १९५८ साली, बाबासाहेबांच्या पश्चात. सभागृहात एक वाक्य बोलले गेले म्हणजे काम झाले असे नसते, बाहेर कोणीतरी ते धरून ठेवावे लागते, हा याचा धडा आहे.

आपण काय करावे?

बँकेत रोजचे व्यवहार बंद होण्याची एक वेळ असते. त्यानंतर आलेला ग्राहक कितीही अडचणीत असला तरी त्याचे काम दुसऱ्या दिवसावर जाते. सभागृहाचेही तसेच आहे. तारांकित आणि अतारांकित प्रश्नांच्या सूचना अधिवेशनाच्या कितीतरी दिवस आधी द्याव्या लागतात. म्हणून सभागृहाचा जो पहिला दिवस, तो प्रश्न विचारू इच्छिणाऱ्या नागरिकांचा शेवटचा दिवसही उरलेला नसतो. आपला पहिला दिवस त्याच्या महिना-दोन महिने आधी येतो, हे आम्हाला त्या मुलींच्या अर्जाने शिकवले.

तेव्हा विद्यार्थी मित्रांनो, अधिवेशनाची तारीख जाहीर होताच आपली कामे लिहून काढा. शिष्यवृत्ती, वसतिगृह, गावचा रस्ता, स्मशानभूमीची जागा, जे असेल ते. अर्जात तारखा, आकडे आणि कार्यालयाचे पत्र जोडा. 'आमच्यावर अन्याय होतो' एवढ्या वाक्यावर आमदाराला प्रश्न तयार करता येत नाही. मुदत चुकलीच तर लक्षवेधी सूचना, औचित्याचा मुद्दा हे मार्ग असतात. विधिमंडळाची विनंती अर्ज समिती असते. मंत्र्यांनी सभागृहात दिलेले आश्वासन पाळले की नाही हे पाहणारी आश्वासन समिती असते. स्पर्धा परीक्षेसाठी ही नावे पाठ करता, तीच एकदा आपल्या वस्तीसाठी वापरून पाहा. आणि दरवर्षी राज्यपालांचे अभिभाषण मिळवून पेन्सिल हातात घेऊन वाचा. जे वचन आपल्याला लागू आहे त्याखाली रेघ ओढा, ते पान जपून ठेवा आणि पुढच्या वर्षीचे भाषण आले की दोन्ही शेजारी ठेवा.

आपल्या संस्थेच्या सभासदांनी अधिवेशनाच्या दोन महिने आधी एक रविवार या कामासाठी राखून ठेवावा, अशी माझी नम्र सूचना आहे. अभ्यासिकेतील मुलांनी मसुदे लिहावेत, ज्येष्ठांनी ते तपासावेत. त्या माउलीची कर्णफुले पुढे सुटली, मुलगीही शिकली. परंतु शिष्यवृत्ती ही शासनाने द्यायची असते, आईच्या कानातून नव्हे. ते सांगण्याची जागा विधान भवन आहे आणि तेथे आपला कागद वेळेवर पोहोचवणे आपल्या हातात आहे.

जयभीम!