सुरीने रंगविलेला समुद्र आणि दावणीची म्हैस

या पानावर आपण एरवी उसाची लागण, हुमणीचा बंदोबस्त, भाताची रोपवाटिका असले विषय घेतो. आजचा विषय जरा वेगळा आहे. पण शेवटपर्यंत वाचा. यात जवस आहे, करडई आहे, म्हैस आहे आणि आपल्याच घरातले एक पोरही आहे.

बेंदराच्या आदल्या दिवशी माती नमुन्यांच्या कामासाठी पन्हाळा तालुक्यातील एका गावात गेलो होतो. एका दारात बैलांची शिंगे रंगवायचे काम चालले होते. घरमालक शेती सांभाळून गवंडीकाम करणारे. त्यांचा दहावीतला मुलगा मात्र शिंगे सोडून सोप्यात बसलेला. पुढ्यात हार्डबोर्डचा तुकडा, हातात हॅक्सॉचे जुने पाते घासून केलेली बोथट सुरी. बोर्डावर समुद्र आणि समुद्राच्या कडेला एक म्हैस. ब्रश कुठेच नाही. गवंडी भिंतीवर गिलावा चढवतो, तसा पोरगा रंग चढवत होता.

शाळेच्या सहलीत त्याने एकदाच मालवणचा समुद्र पाहिला होता. म्हैस मात्र रोजचीच, दावणीची. मी बघत उभा राहिलो, तेव्हा वडील म्हणाले, "साहेब, तुम्हीच सांगा ह्याला. ह्या रंगानं पोट भरतंय व्हय?"

त्या दिवशी मला नीट उत्तर देता आले नाही. नंतर चौकशी केली, कोल्हापुरातल्या काही चित्रकारांशी बोललो, थोडे वाचले. ते आज मांडतो.

सुरी म्हणजे चाकू नव्हे

तैलरंगाच्या कामात दोन प्रकारच्या सुऱ्या असतात. एक सरळ पात्याची, पाटीवर रंग कालवायला. तिला पॅलेट नाईफ म्हणतात. दुसरी मुठीपाशी वाकवलेली, छोट्या थापीसारखी. ती रंग लावायला. वाकवलेली असल्यामुळे हाताची बोटे ओल्या रंगाला लागत नाहीत. गवंड्याची थापी अशीच का असते, हे ज्याला कळते त्याला ही सुरीही कळते. पाते लवचिक हवे आणि धार नको.

ब्रशने एकेक केस काढता येतो. सुरीने ते जमत नाही. सुरी सपाट ओढली की रुंद पट्टा पडतो, टोक दाबले की ठिपका, कड टेकवली की बारीक रेघ. त्यामुळे बारीकसारीक सोडून मोठा आकार पकडावाच लागतो. होडीची डोलकाठी किंवा म्हशीचे शिंग कडेच्या एका ओढीत होते. चूक झाली तर त्याच सुरीने रंग खरवडून काढायचा आणि पुन्हा लावायचा. खरवडलेला रंग फेकू नये. सगळे रंग मिसळून जो राखाडी तयार होतो, तो ओल्या वाळूला नेमका लागू पडतो.

समुद्र काढताना आधी आकाश, मग पाण्याची आडवी रेघ, मग पाणी, मग वाळू. पाण्याची रेघ जरा जरी कलली तरी सगळा समुद्र सांडल्यासारखा दिसतो. फेस अगदी शेवटी. खालचा निळा ओला असतानाच पांढरा रंग सुरीच्या कडेला घेऊन हलक्या हाताने, दाब न देता ओढायचा. दाब दिला तर पांढरा निळ्यात मिसळतो आणि फेसाचे ताक होते.

डोंगराकडच्या माणसाने काढलेली लाट

सुरीने समुद्र रंगवण्याचे नाव निघाले की फ्रान्समधील गुस्ताव कूर्बे या चित्रकाराचे नाव घेतले जाते. जन्म 1819 चा, घर जमीनजुमला असलेल्या शेतकऱ्याचे, गाव समुद्रापासून लांब डोंगराळ भागात. समुद्र त्याने पहिल्यांदा पाहिला तो ऐन बाविशीत. पुढे 1869 च्या उन्हाळ्यात एत्र्ता या किनाऱ्यावरच्या गावात राहून त्याने लाटांची चित्रे काढली. त्या लाटा सुरीने असा जाड रंग देऊन काढल्या आहेत की पाणी नव्हे, दगडाची भिंत अंगावर येते असे वाटावे. हरणे, गुरे, शिकारीची कुत्री हेही त्याचे आवडते विषय. समुद्र जन्मापासून पाहिलेला असला तरच काढता येतो असे नाही, हे यावरून दिसते. घाटमाथ्यावरच्या आपल्या पोरांनी हे लक्षात ठेवावे.

म्हैस काळी नसते

त्या मुलाच्या चित्रात मला सगळ्यात पटली ती म्हैस. ती त्याने नुसत्या काळ्या रंगाने काढली नव्हती. पाण्यातून निघालेल्या म्हशीच्या पाठीवर आकाश उतरते. तिथे निळसर पांढरा. पोटाखाली वाळूचा तांबूस उजेड. उरलेला काळा त्याने गडद निळा आणि तपकिरी मिसळून केला होता. दिवाळीच्या पाडव्याला पंचगंगेच्या घाटावर सजवून आणलेल्या म्हशी ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांनी आठवून बघावे. तेल लावलेल्या अंगावर सगळा घाट चमकत असतो.

सुरीने जनावर काढताना कातडीचे एकेक सपाट पृष्ठ ओळखावे लागते. बैलाचे वशिंड, खांदा, पोळी, पुठ्ठा. म्हशीचा खुबा, बरगडी, कास. जनावरांच्या बाजारात आपण जे बघून पारख करतो, तेच. ही नजर शेतकऱ्याच्या घरात आयती असते. शहरातल्या विद्यार्थ्याला ती मिळवायला वर्षे घालवावी लागतात.

याचा पुरावा तिथेच मिळाला. वडील बोलता बोलता चित्राजवळ आले आणि म्हणाले, "मागचा पाय चुकलाय. म्हस अशी हुबी ऱ्हायली तर लंगडंल." पोराने क्षणभर बघितले, सुरीने पाय खरवडला आणि गुडघा दोन बोटे वर घेऊन पुन्हा काढला. वडील म्हणाले, "आता बरं." चित्राला नावे ठेवणाऱ्या बापानेच चित्र दुरुस्त केले होते.

रंग उगवतो कुठे?

आता आपल्या खात्याचा विषय. तैलरंग म्हणजे रंगाची पूड तेलात घोटून केलेला लगदा. हे तेल प्रामुख्याने जवसाचे, म्हणजे अळशीचे. शेंगतेल बशीत ओतून महिनाभर ठेवा, ते ओलेच राहील. जवसाचे तेल पातळ थरात ठेवले तर काही दिवसांत त्यावर चिवट पापुद्रा धरतो. पाण्यासारखे ते उडून जात नाही. हवेतला प्राणवायू शोषून घेऊन घट्ट होते. म्हणूनच जाड लावलेले सुरीचे चित्र वरून वाळलेले दिसले तरी आतून वाळायला कित्येक महिने लागतात.

जवसाचे तेल कालांतराने पिवळे पडते. म्हणून पांढऱ्या रंगात पुष्कळदा करडईचे तेल वापरतात. ते कमी पिवळते, पण सावकाश वाळते. जवस आणि करडई ही दोन्ही आपली रब्बीची पिके. महाराष्ट्रात जवस आता मुख्यतः विदर्भात राहिले आहे. ज्या पिकाकडे आपण चटणीपुरते बघतो, त्याच्या तेलावर जगभरची शेकडो वर्षांची चित्रे उभी आहेत.

थर देताना एक नियम पाळावा: खाली कमी तेलाचा रंग, वर जास्त तेलाचा. उलट केले तर वरचा थर आधी वाळतो, खालचा नंतर हलतो आणि चित्राला भेगा पडतात. ओल्या भिंतीवर घाईने गिलावा केला की काय होते, ते कोणत्याही गवंड्याला विचारा.

गोठ्याजवळ रंग नको

त्या घरी एक गोष्ट मला खटकली. रंगाचे उघडे डबे आणि तेलाने माखलेली फडकी थेट गव्हाणीशेजारी पडली होती. याबाबत चार गोष्टी सर्वांनीच लक्षात ठेवाव्यात. शिंगे रंगवणाऱ्यांनी तर जास्तच.

1. जुन्या रंगांत शिसे असते. त्याची चव जनावरांना आवडते, ती डबे चाटतात. शिशाची विषबाधा झालेले जनावर दात खाते, आंधळ्यासारखे भिंतीला धडकते, झटके येऊन मरू शकते. घरगुती रंगातले शिसे दहा लाख भागांत 90 भागांपेक्षा जास्त नसावे, असा केंद्र सरकारचा 2016 चा नियम असून तो नोव्हेंबर 2017 पासून लागू आहे. पण माळ्यावरचा जुना डबा आणि जुन्या दारावरचा पोपडा या नियमाआधीचे असू शकतात. संशय आला तर वेळ न घालवता पशुवैद्यकीय दवाखाना गाठावा.

2. जवसाच्या तेलाने भिजलेली फडकी बोळा करून ठेवू नयेत. तेल वाळताना उष्णता तयार होते आणि बोळा काडी न लावता पेट घेऊ शकतो. शेजारी कडब्याची गंजी असेल तर विचार करा. फडकी मोकळी पसरून वाळवावीत किंवा पाण्यात बुडवून ठेवावीत.

3. रंगाच्या दुकानात मिळणारे 'बॉइल्ड' जवस तेल लवकर वाळावे म्हणून त्यात धातूंचे क्षार घातलेले असतात. ते खाण्याचे नाही. पोटफुगीवर जनावराला ते चुकूनही पाजू नये.

4. चित्रासाठी शिशाचा पांढरा न घेता टायटेनियम व्हाईट घ्यावा. काम झाल्यावर हात साबणाने धुतल्याशिवाय धारेला बसू नये.

पोट भरते का?

आता त्या प्रश्नाकडे येतो. खोटी आशा लावणे बरोबर नाही. निव्वळ चित्रे विकून घर चालवणारे थोडेच असतात. पण कोल्हापूरच्या माणसाने हा प्रश्न विचारताना आपल्याच गावाकडे एकदा बघावे.

मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये शिकून आलेल्या आबालाल रहिमान यांना शाहू महाराजांनी आश्रय दिला. 1931 साली ते वारले. रंकाळा, कोटीतीर्थ, पंचगंगा यांची त्यांनी काढलेली चित्रे आजही लोक आवर्जून बघतात. बाबूराव पेंटर हे मिस्त्री घराण्यातले, चित्रकलेच्या शाळेत न जाता हाताने शिकलेले. नाटकाचे पडदे रंगवता रंगवता त्यांनी सिनेमाचा कॅमेरा बनवला आणि 1925 साली 'सावकारी पाश' काढला. जमीन सावकाराच्या घशात जाऊन देशोधडीला लागलेल्या शेतकऱ्याची ती गोष्ट. आणि भाई माधवराव बागल तर एकाच वेळी शेतकऱ्यांचे आणि प्रजा परिषदेचे पुढारी होते आणि निसर्गचित्रे काढणारे चित्रकारही. चित्र हे रिकाम्या माणसाचे काम, असे म्हणणाऱ्याला ही तीन नावे पुरे आहेत.

व्यवहाराचे सांगायचे तर वाट अशी आहे. शाळेत असतानाच शासनाच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट रेखाकला परीक्षा द्याव्यात. दहावीला त्यांच्या गुणांची सवलत मिळते. पुढे कलाशिक्षक पदविका किंवा कला महाविद्यालय. कोल्हापुरात कलानिकेतन आणि दळवीज आर्ट्स या संस्था आहेत. त्यातून चित्रकला शिक्षक, छपाई, जाहिरात, सिनेमाचे नेपथ्य अशी कामे मिळू शकतात. शेती सोडायलाच पाहिजे असेही नाही. सुरुवातीला महागडा कॅनव्हास नको. हार्डबोर्डला प्रायमरचे दोन हात, एक सुरी आणि पाच-सहा नळ्या एवढे पुरते. पांढरी नळी तेवढी मोठी घ्यावी, समुद्राला तीच जास्त लागते.

सरपंच आणि ग्रामसेवक यांनाही एक विनंती. गावातल्या भिंती रंगवायचे काम निघाले की बाहेरचा ठेकेदार बोलवण्याआधी आपल्या शाळेतल्या चित्रकला शिक्षकांना विचारावे. कोणाच्या हातात काय आहे, ते गावालाच ठाऊक नसते.

परवा त्याच गावात पुन्हा जाणे झाले. रंगाचे डबे गोठ्यातून हलवून माळ्यावर गेले होते. फडकी दोरीवर वाळत होती. वडिलांनी प्रश्नाचा विषय काढला नाही. एवढेच म्हणाले, "साहेब, त्या हॅक्सॉच्या पात्याला नीट मूठ बसवून दिलीया. हाताला लागत हुतं त्याच्या."