'रन' या इंग्रजी क्रियापदाचे अध्यापन

महाराष्ट्रातील मराठी शाळांत २००० सालापासून पहिल्या इयत्तेपासूनच इंग्रजी शिकविली जाते. प्रारंभीच्या शब्दांत 'रन' हे क्रियापद येते व त्यापुढे 'धावणे' एवढाच अर्थ पुष्कळदा लिहून दिला जातो. हा अर्थ चुकीचा नाही; परंतु तो एकटाच मुलाच्या हाती राहिला, तर पुढे त्याची वाट अडते.

नागपुरातील मनीषनगरचे उदाहरण घ्यावे. या वस्तीजवळील वर्धा मार्गावर मार्च २०१९ पासून मेट्रो गाडी धावते. तो मार्ग पुढे दक्षिणेकडे जातो. वस्तीत नळाचे पाणी वाहते, किराणा दुकान चालते, पावसात भिजलेल्या मुलाचे नाक गळते आणि धुताना नव्या कापडाचा रंग उतरतो. मराठीत येथे सहा निरनिराळी क्रियापदे आली; इंग्रजीत सहाही ठिकाणी 'रन' हे एकच क्रियापद योजता येते. ज्यास केवळ 'धावणे' ठाऊक आहे, त्यास नाक कसे धावते हे उमगत नाही. उलटपक्षी, 'दुकान चालते' याचे इंग्रजी करताना तोच मुलगा 'द शॉप वॉक्स' असे लिहितो. त्याखाली तांबडी रेघ ओढली जाते. पण हा दोष मुलाच्या बुद्धीचा नसून, एका शब्दास एकच अर्थ असतो या शिकविलेल्या समजुतीचा असतो.

वस्तुतः या सर्व अर्थांच्या मुळाशी एकच कल्पना आहे: न थांबता पुढे जात राहणे. पाय, गाडी व पाणी प्रत्यक्ष पुढे जातात. रस्त्यावरून दृष्टी पुढे जाते. दुकानाचा व्यवहार अखंड सुरू राहतो. ऑक्सफर्डच्या बृहत् इंग्रजी कोशाच्या १९८९ च्या आवृत्तीत सर्वांत मोठी नोंद 'सेट' या क्रियापदाची होती. पुढील संशोधित नोंदींत 'रन'ने तिला मागे टाकले व त्याचे अर्थ सहाशेच्या वर गेले. इतके अर्थ इंग्रज मूलही पाठ करीत नाही. वापरातूनच ते त्यास कळत जातात.

मराठी मुलासही हा अनुभव नवा नाही. भूक लागते, ठेच लागते, झोप लागते, आग लागते, निकाल लागतो, वेळ लागतो आणि मूल बोलू लागते. यांतील 'लागणे' कोणी यादी करून शिकविलेले नसते. हाच स्वभाषेचा अनुभव इंग्रजीच्या पाठात उपयोगी पडतो.

म्हणून पाठाच्या आरंभी 'लागणे' या क्रियापदाची वाक्ये मुलांकडूनच वदवून फळ्यावर लिहावीत. नंतर मैदानावर धावण्याच्या कृतीने 'रन'चा मूळ अर्थ द्यावा. पुढे एका पाठात एक किंवा दोनच नवे अर्थ, संपूर्ण वाक्यात व परिचित वस्तूच्या आधाराने द्यावेत. सुटा शब्द व त्याचा प्रतिशब्द लिहून देऊ नये. 'शॉप वॉक्स' असे उत्तर आल्यास प्रथम मुलाने तसे का लिहिले हे विचारावे. त्याने मराठीतून विचार केला आहे, हे ध्यानात घेऊन योग्य वाक्य सांगावे व तेच त्याच्याकडून दोनतीनदा वापरून घ्यावे.

शब्दाचा अर्थ वाक्यात राहतो, एवढे एक सूत्र मुलास उमगले, तर पुढे 'गेट', 'टेक', 'मेक' यांसारखी क्रियापदेही त्यास भिवविणार नाहीत.