उंबरठ्याची किंमत
बदलती उपनगरे : लेखांक ६

मागच्या आठवड्यात आपण अमेरिकेतल्या १९६८ च्या फेअर हाउसिंग ॲक्टपर्यंत आलो. वंश पाहून घर नाकारणे या कायद्याने बेकायदा ठरले. मग श्रीमंत उपनगरांची दारे सगळ्यांना उघडली का? याचे उत्तर शोधायला कॅलिफोर्नियातल्या कुपर्टिनोला जाऊ. पुण्या-मुंबईच्या कितीतरी घरांना हे नाव ओळखीचे आहे. कुणाचा भाचा, कुणाची लेक तिथे राहते.

सांता क्लारा खोऱ्यातला हा भाग मूळचा जर्दाळू, आलुबुखार आणि चेरीच्या बागांचा. १९५५ मध्ये कुपर्टिनोला शहराचा दर्जा मिळाला, बागांच्या जागी बैठी घरे आली आणि त्यांत बहुतांशी गोरी कुटुंबे राहायला आली. पुढे दोन गोष्टी जुळून आल्या. १९६५ च्या स्थलांतर कायद्याने देशवार कोट्याची जुनी पद्धत मोडली आणि खोऱ्यात संगणक उद्योग वाढला. ॲपलचे मुख्यालय कुपर्टिनोतच आहे. १९९० च्या कायद्यातून एच-१बी व्हिसा आला आणि तैवान, चीन, भारतातल्या अभियंत्यांची वाट रुंदावली. २००० च्या जनगणनेत इथे आशियाई वंशाचे लोक ४४ टक्के होते, २०१० मध्ये ६३ टक्के. आज ते सुमारे दोन तृतीयांश आहेत.

दोन पिढ्यांत गावाचा चेहरा बदलला. आता उत्पन्नाकडे पाहू. २००० च्या जनगणनेनुसार इथले मध्यम कौटुंबिक उत्पन्न वर्षाला सुमारे एक लाख डॉलर होते, म्हणजे देशाच्या मध्यम उत्पन्नाच्या जवळपास अडीचपट. आज ते दोन लाखांच्या पुढे आहे आणि देशाच्या तुलनेत ही पट तिपटीजवळ गेली आहे. कृष्णवर्णीय मात्र एक टक्काही नाहीत. सांता क्लारा काउंटीत लॅटिनो सुमारे एक चतुर्थांश आहेत. कुपर्टिनोत अगदी मोजके.

असे का होते? पहिले कारण जमिनीच्या नियमांत आहे. बहुतेक निवासी जमिनीवर एका प्लॉटवर एकाच कुटुंबाचे घर, असा नियम वर्षानुवर्षे राहिला. नोकऱ्या वाढल्या, त्या मानाने घरे वाढली नाहीत, म्हणून किमती चढल्या. दुसरे कारण १९७८ च्या प्रॉपोझिशन १३ चे. त्यानुसार घरपट्टी खरेदीच्या किमतीवर ठरते आणि करासाठी धरलेली किंमत वर्षाला जास्तीत जास्त दोन टक्के वाढते. त्यामुळे जुना मालक घर सोडत नाही, आणि त्याच गल्लीत नवा घेणारा कितीतरी पट कर भरतो. तिसरे कारण शाळांचे. नावाजलेल्या सरकारी शाळेत प्रवेश पत्त्यावरून मिळतो, म्हणून घराच्या किमतीत शाळेची किंमतही मिसळते. शेवटी ही महागाई शाळांवरच उलटली. लहान मुले असलेल्या तरुण जोडप्यांना तिथे घर परवडेना, पटसंख्या घटली आणि काही प्राथमिक शाळा बंद कराव्या लागल्या.

कायद्याने वंशाची अट काढली. पैशाची अट तशीच राहिली, उलट वाढली. म्हणून एखादे उपनगर किती बहुवंशीय झाले हे मोजताना आत कोण आले याइतकेच बाहेर कोण राहिले हेही विचारले पाहिजे. त्या उंबरठ्याच्या आत आता आपलीही माणसे आहेत. १९६५ चे दार दुसऱ्यांनी झगडून उघडले, म्हणून ती तिथे पोचली. शेजारी चार मजली इमारतीचा प्रस्ताव येईल तेव्हा त्यांनी हे आठवावे, असे मला मनापासून वाटते.

पुढील लेखांकात : एका प्लॉटवर दोन घरांना वाव देणारा कॅलिफोर्नियाचा २०२१ चा कायदा.