ओवा-लसणाने अँटिबायोटिक सुटतं का?

‘वनौषधी सुरू करा, अँटिबायोटिक कायमचं बंद.’ शेडवर येणारा विक्रेता हे हमखास ऐकवतो. पण कोणतं अँटिबायोटिक बंद, हे तो सांगत नाही. आजारी कोंबड्यांना दिलं जातं ते वेगळं. धडधाकट पक्ष्यांचं वजन लवकर भरावं म्हणून खाद्यात रोज थोडं थोडं मिसळलं जातं ते वेगळं. या दुसऱ्या वापरातून औषधाला न जुमानणारे जिवाणू पोसले जातात. स्वीडनने तो १९८६ मध्ये थांबवला, युरोपीय संघाने १ जानेवारी २००६ पासून. माणसांसाठी अखेरचा उपाय म्हणून राखलेल्या कोलिस्टिनवर भारताने २०१९ मध्ये खाद्यप्राण्यांसाठी बंदी घातली.

वनौषधींना वाव आहे तो वाढीसाठीच्या या दुसऱ्या वापराच्या जागी. ओव्यातला थायमॉल, दालचिनीतला सिनामाल्डिहाइड जिवाणूंच्या आवरणावर घाव घालतात. आतड्यातले त्रासदायक जिवाणू आटोक्यात राहिले की खाल्लेलं अंगी लागतं. मात्र ई. कोलाय जिवाणूने मर सुरू झाली असताना लसूण वाटत बसू नये. पशुवैद्यकाला बोलवावं, औषध पूर्ण द्यावं आणि शेवटच्या मात्रेनंतर त्यांनी सांगितलेले दिवस संपेपर्यंत माल विकू नये.

‘मग बाजारातला ओवा दळून टाकला तरी चालेल!’ पोतं फोडताच घमघमाट सुटला की मालक खूश होतो. खरं तर नाकाला लागलेलं ते ओव्याचं तेल कोंबडीच्या पोटात जायचं राहिलं. गोळी खाद्य तयार होताना वाफेची उष्णता लागते, त्यातही ते उडतं. म्हणून चांगल्या उत्पादनात तेलाच्या कणांवर आवरण चढवलेलं असतं. शिवाय वाण आणि काढणीप्रमाणे थायमॉलचं प्रमाण बदलतं, त्यामुळे मुठीने मोजलेली मात्रा बेभरवशाची. सुट्या हळदीत तर रंगासाठी लेड क्रोमेटची भेसळ सापडलेली आहे. म्हणजे नैसर्गिक म्हणत पक्ष्यांना शिसं चारायचं!

मानमोडी विषाणूमुळे होते. तिथे अँटिबायोटिकही चालत नाही आणि कडुनिंबही; लस वेळेवर द्यावी लागते. रक्ती हगवणीच्या परजीवींना शेडमध्ये अंथरलेलं ओलं तूस पोषक ठरतं. तूस मुठीत दाबून पाहावं. मूठ उघडल्यावर गोळा तसाच राहिला तर ते ओलं आहे. आधी गळकी निपलं दुरुस्त करावीत, ओलं तूस काढावं, मग चूर्णाचा विचार.

गिऱ्हाइकांचाही एक समज असतो: वनौषधीवाली कोंबडी म्हणजे बिनहार्मोनची. ब्रॉयलर पाच-सहा आठवड्यांत दोन किलोच्या घरात जातो तो निवडक पैदास आणि खाद्यामुळे. वाढीचं हार्मोन प्रथिन असतं. खाद्यातून दिलं तरी पचून जाईल.

वनौषधीचा खरंच उपयोग होतो का हे पाहायला स्वतः खाद्य विकत घेणाऱ्याने एकाच हॅचरीची, एकाच दिवशी आलेली पिल्लं दोन भागांत ठेवावीत, एकाच भागाला वनौषधींचं मिश्रण द्यावं आणि किलोभर वजनाला किती खाद्य लागलं ते दोन्हीकडे लिहून ठेवावं. करारावर पक्षी पाळणाऱ्याकडे ही सोय नसते. खाद्य कंपनीकडूनच येतं. त्याने वरून काही मिसळण्याआधी त्या खाद्यात काय काय आहे, हे सुपरवायझरला विचारून घ्यावं.