पोटगीचा आदेश रत्नागिरीत, पक्षकार परदेशात

घटस्फोटानंतरच्या पोटगीच्या आदेशाविरुद्ध दाद मागण्याचे दोन मार्ग आहेत. आदेश झाला तेव्हाच तो चुकीचा होता, असे म्हणणे असेल तर अपील किंवा पुनरीक्षण. आदेश तेव्हा योग्य होता, पण नंतर परिस्थिती पालटली असेल तर फेरबदलाचा अर्ज. रत्नागिरी जिल्ह्यातली असंख्य घरे आखाती देशांतल्या नोकऱ्यांवर चालतात, त्यामुळे हा फरक इथे फार मोलाचा ठरतो. दुबईतली नोकरी गेली किंवा नव्याने मिळाली, तर तो अपिलाचा विषय नसतो. हिंदू विवाह कायद्याचे कलम २५(२) आणि भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १४६ यांखाली मूळ न्यायालयातच रक्कम कमी किंवा जास्त करून मागता येते.

दाद कुठे मागायची?

हिंदू विवाह कायद्याच्या कलम २५ खालील कायम पोटगीच्या आदेशावर कलम २८ नुसार अपील होते. त्याची मुदत ९० दिवस. कुटुंब न्यायालयाचा आदेश असेल तर अपील उच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींच्या पीठापुढे चालते. कुटुंब न्यायालय कायद्यात त्यासाठी ३० दिवस लिहिले आहेत. मात्र हिंदू विवाह कायद्याखालील प्रकरणांत मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने २०१६ मध्ये ९० दिवसांची मुदत मान्य केली. परस्परसंमतीच्या हुकूमनाम्यावर अपील नाही. कलम २४ च्या अंतरिम पोटगीवरही अपील नाही. तिथे राज्यघटनेच्या अनुच्छेद २२७ खाली उच्च न्यायालयात याचिका करावी लागते.

खेड किंवा चिपळूणच्या न्यायदंडाधिकाऱ्यांनी जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ खाली, म्हणजे १ जुलै २०२४ पासून नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ खाली, पोटगी ठरवली असेल तर सत्र न्यायालयात ९० दिवसांत पुनरीक्षण अर्ज करता येतो. घटस्फोटित मुस्लिम महिलांनाही या कलमाचा आधार आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने १० जुलै २०२४ रोजी स्पष्ट केले. कौटुंबिक हिंसाचार कायद्याखालील आदेशावर सत्र न्यायालयात ३० दिवसांत अपील होते.

उच्च न्यायालयाच्या कामासाठी रत्नागिरीकरांना आता मुंबई गाठावी लागत नाही. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरचे सर्किट बेंच सुरू झाले असून रत्नागिरी जिल्हा त्याच्या कक्षेत येतो.

परदेशात बसून अपील

परदेशातल्या पक्षकाराला वकीलपत्राबरोबर सहसा गावाकडच्या विश्वासू नातेवाइकाच्या नावे मुखत्यारपत्र करावे लागते. ते भारतीय वकिलातीत साक्षांकित करतात किंवा त्या देशात सोय असेल तर त्यावर अपोस्टिल घेतात. भारतात पोहोचल्यावर तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरायचे असते. आदेशाच्या प्रमाणित नकलेसाठी लागलेले दिवस मुदतीतून वगळले जातात. त्यापुढच्या उशिराचे समाधानकारक कारण द्यावे लागते. नुसते परदेशात राहणे पुरत नाही.

समोरचा पक्ष परदेशात असेल तर नोटीस बजावण्यातच महिने जातात. हेग बजावणी करार भारतात १ ऑगस्ट २००७ पासून लागू आहे आणि त्याखालचे काम केंद्रीय विधी मंत्रालयामार्फत चालते. संयुक्त अरब अमिरातीशी भारताचा १९९९ चा स्वतंत्र द्विपक्षीय करार आहे.

अपिलात नवा पुरावा सहजी घेतला जात नाही. म्हणून पगारपत्रक, परदेशातले घरभाडे, कर्ज हे सारे पहिल्याच न्यायालयात यायला हवे. सर्वोच्च न्यायालयाने ४ नोव्हेंबर २०२० च्या निकालाने उत्पन्न, मालमत्ता आणि देण्यांचे प्रतिज्ञापत्र दोन्ही पक्षांना बंधनकारक केले. दिरहमचे रुपये करून आकडा मोठा दिसतो, पण तिथला खर्चही न्यायालयापुढे असेल तरच खरी ऐपत कळते.

वसुली

नुसते अपील दाखल केल्याने पोटगी थांबत नाही. स्थगिती वेगळी मागावी लागते आणि ती देताना न्यायालय बहुधा थकबाकीचा काही भाग भरायला सांगते. दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाची थकबाकी वसूल करण्याचा अर्ज ती देय झाल्यापासून एका वर्षात करावा लागतो. न्यायालयाने समन्स वा वॉरंट काढल्याचे कळल्यावर पासपोर्ट अधिकारी १९६७ च्या कायद्याखाली पासपोर्ट जप्त करू शकतात.

परदेशी पगारावर इथल्या न्यायालयाचा हात सहज पोहोचत नाही. गावाकडची मिळकत मात्र इथेच असते. कलम २५ खालील पोटगीसाठी न्यायालय स्थावर मालमत्तेवर बोजा ठेवू शकते. हापूसची बाग किंवा घराचा हिस्सा पतीच्या नावावर असेल, तर बोजाची ही मागणी सुरुवातीलाच करणे पत्नीच्या हिताचे असते.

आदेश परदेशी न्यायालयाचा असेल तर

अशा आदेशावर भारतात अपील होत नाही. ते त्या देशातच करावे लागते. इथले न्यायालय दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १३ खाली मुख्यतः हे पाहते की त्या न्यायालयाला अधिकार होता का, दुसऱ्या बाजूला म्हणणे मांडण्याची संधी मिळाली का, फसवणूक झाली का. ब्रिटन, सिंगापूर आणि जानेवारी २०२० पासून संयुक्त अरब अमिरात यांच्या वरिष्ठ न्यायालयांच्या पैशाच्या हुकूमनाम्यांची दरखास्त कलम ४४अ खाली थेट जिल्हा न्यायालयात दाखल करता येते. अमेरिकेसारख्या इतर देशांच्या निकालावर मात्र तीन वर्षांच्या आत भारतात नवा दावा लावावा लागतो.