सुनंदाताई पडद्यावर नकोत

आज अंगणवाडी सेविकांसाठीच्या ॲनिमेशनचा स्टोरीबोर्ड उघडायचा असं ठरलं होतं. तो पुढे ढकलतो, कारण सांगलीच्या एका शिक्षिकाबाईंचं पत्र आलंय आणि त्यातला प्रश्न सोडवत नाही. त्या लिहितात, "सुनंदाताईंचा पर्सोना तुम्ही इतक्या हौसेनं रंगवलात. पेठ तालुका, अंगणवाडी सेविका, वय ४६, मुलगा घरी आला की मगच मोबाईलला डेटा. मग ॲनिमेशनची नायिका त्यांनाच का करत नाही? पात्र आयतंच तयार आहे."

हा प्रश्न मी बऱ्याच कार्यशाळांत ऐकलाय. अनेकदा तर कुणी विचारतही नाही, नायिका करूनच टाकतात. काठाची साडी, खांद्याला पिशवी, तोंडभर हसू आणि पहिलं वाक्य : "नमस्कार, मी सुनंदा!" खऱ्या सेविका हे पाहून एकमेकींकडे बघतात. त्या काही बोलत नाहीत, पण त्यांच्या नजरेत सगळं आलेलं असतं.

पर्सोना, म्हणजे ज्याच्यासाठी वस्तू घडवायची त्याचं नमुन्यादाखल रंगवलेलं काल्पनिक व्यक्तिचित्र, हा मुळात दाखवायचा माणूस नव्हेच. ॲलन कूपर १९८३ साली कॅलिफोर्नियात प्रकल्प-नियोजनाचा एक प्रोग्रॅम एकट्यानं लिहीत होता. फिरायला गेला की तो 'कॅथी' नावाची प्रकल्प सांभाळणारी बाई व्हायचा, आणि अमुक सोय मला हवीच कशाला, म्हणून स्वतःशीच हुज्जत घालायचा. पुढे त्याच्या पुस्तकात क्लेव्हिस मॅक्लाउड नावाचे सत्तरीतले, किरकिरे, हातांना संधिवात असलेले काल्पनिक आजोबा आले. विमानातल्या सीटमागच्या पडद्यावर सिनेमा निवडायची सोय करायची होती. या आजोबांमुळे तिथे हातानं फिरवायचं एक मोठं बटण आलं. आजोबांचा चेहरा मात्र त्या पडद्यावर कुणी काढला नाही. पर्सोनाचं काम नको ते काढायला लावण्याचं. ते झालं की त्यानं बाजूला व्हावं.

"मग मीनाचं काय?" असं बाई पुढच्या पत्रात विचारतील, म्हणून आधीच सांगतो. युनिसेफच्या कार्टूनची नायिका मीना नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीची. तिला पडद्यावर आणलं राम मोहन यांनी. हे मुंबईच्या फिल्म्स डिव्हिजनच्या कार्टून विभागात १९५६ पासून घडलेले गृहस्थ. भारत, बांगलादेश, पाकिस्तान, नेपाळ अशा देशांत मुलांना आणि पालकांना चित्रं दाखवून तिचं रूप ठरवलं गेलं. पण पहिल्या गोष्टीत काय होतं ते आठवा. मीनाला शाळेत पाठवत नाहीत. तिचा पोपट मिठू शाळेत जाऊन आकडे शिकून येतो, मीना त्याच्याकडून शिकते, आणि कोंबड्या मोजता आल्यामुळे चोरी उघडकीला येते. मला विचाराल तर हा युक्तिवाद मीनासाठी नाहीच, तिला शाळेत जायचंच आहे. तो तिच्या बापासाठी आहे. पडद्यावर मुलगी, आणि लिहिणाऱ्याच्या मनात समोर बसलेला बाप. पात्र आणि पर्सोना वेगळे ठेवले की काय साधतं, याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

आता आपल्या सुनंदाताई. त्यांना शिकवायचंय बाळाची लांबी मोजणं. दोन वर्षांखालचं मूल आडवं झोपवून मोजायचं, त्यावरचं उभं करून. एकच मूल दोन्ही तऱ्हांनी मोजलं तर साधारण ०.७ सेंटिमीटरचा फरक पडतो, आणि खुजेपणा ठरवताना तेवढाही महाग पडतो. ताई वीस वर्षं मुलांची वजनं घेतायत. तेव्हा वजनकाटा, तक्त्यातले रंग, "बालकांचं आरोग्य हेच देशाचं भविष्य" हे सगळं कापा. जाणत्याला माहीत असलेलं पुन्हा समजावलं की तो नुसता कंटाळत नाही. ते समजावणं नव्या गोष्टीच्या आड येतं. कल्युगा, स्वेलर आणि मंडळींनी हे २००३ मध्ये नीट मांडलंय.

उरलेलं तरी सगळं हलतं हवं का? रिचर्ड मेयर आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये वीज कशी पडते, फ्लशची टाकी कशी चालते, समुद्राच्या लाटा आणि गाडीचे ब्रेक असे चार विषय घेतले. एका गटाला निवेदनासह ॲनिमेशन, दुसऱ्याला कागदावर चित्रं आणि मजकूर. आठपैकी चार तुलनांत कागद पुढे, उरलेल्या चारांत फरक नाही. ॲनिमेशन एकदाही पुढे नाही. कागदावर डोळा मागे जाऊ शकतो, थांबू शकतो. फीत पुढे निघून जाते. पण २००७ मध्ये हॉफलर आणि लॉयटनर यांनी २६ अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा एका जागी ॲनिमेशन ठळकपणे सरस निघालं : हातानं करायच्या कृती शिकवताना.

म्हणजे हलायला हव्यात त्या तीनच गोष्टी. बाळाचं डोकं लांबी मोजायच्या पाटाच्या वरच्या फळीला टेकणं, एका हातानं गुडघे हलकेच सरळ दाबणं, दुसऱ्या हातानं सरकती पट्टी तळव्यांना लावणं. आकडा वाचताना चित्र थांबलेलं हवं, आणि तेही पुरेसा वेळ.

आणि ताई? त्यांचे फक्त हात. फिओरेला, मेयर वगैरेंनी २०१७ मध्ये विजेचं सर्किट जोडायला शिकवून पाहिलं. करणाऱ्याच्या डोळ्यांच्या जागेवरून टिपलेली फीत समोरून टिपलेल्या फितीपेक्षा जास्त उपयोगी पडली. ताई बाळाच्या बाजूला वाकून जे बघणार तेच चौकटीत हवं.

यावर आमच्यातल्या एकीनं लगेच खोट काढली. बाळाचं डोकं धरते ती मदतनीस. ती वरच्या फळीमागे बसते, तिला सगळं उलट्या बाजूनं दिसतं. तिचा पर्सोना आपण केलेलाच नाही. तिच्यासाठी वेगळी फीत की याच फितीत चौकट फिरवायची? मी वेगळ्या फितीच्या बाजूचा आहे, बाकीचे नाहीत. स्टोरीबोर्ड आता पुढच्या आठवड्यात, आणि मदतनिसासह.