समलिंगी विवाहाचा निकाल आणि एक हट्टी गैरसमज

सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहाची मागणी फेटाळल्याला बराच काळ लोटला. तरी दर्यापूर-बनोसा भागात, तहसील कचेरीच्या आवारात काय किंवा शिकल्यासवरल्या मंडळींच्या बैठकीत काय, "असे संबंध आता पुन्हा गुन्हा ठरले" हे विधान आजही इतक्या निःशंकपणे केले जाते, की निकालपत्राचे एक पानही न उघडणाऱ्यांच्या या ठामपणाचा उबग यावा. त्याहून खेदाची गोष्ट ही, की विरोधक ज्या समजुतीने संतोष पावतात, तीच खरी मानून आपल्याच गावांतील काही तरुण-तरुणी मनातल्या मनात खचून जातात.

असे संबंध गुन्हा ठरवणारे भारतीय दंडविधानाचे कलम ३७७ प्रौढांच्या परस्परसंमतीच्या संबंधांपुरते ६ सप्टेंबर २०१८ रोजी घटनापीठाने एकमताने रद्द केले, आणि तो निर्णय आजही अबाधित आहे. १७ ऑक्टोबर २०२३ रोजी न्यायालयापुढे निराळाच प्रश्न होता: १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली अशा जोडप्यांची नोंद व्हावी काय? विवाह हा मूलभूत हक्क नाही, यावर पाचही न्यायमूर्तींचे एकमत झाले. विवाहाव्यतिरिक्त अन्य कायदेशीर मान्यता आणि दत्तकाचा हक्क हे मुद्दे तीन विरुद्ध दोन मतांनी फेटाळले गेले. परंतु त्याच बहुमताच्या निकालपत्रात न्यायमूर्ती रवींद्र भट यांनी अशा जोडप्यांचा एकत्र राहण्याचा अधिकार मान्य केला, आणि त्यांच्या सहवासात हस्तक्षेप वा जबरदस्ती होऊ नये, ही जबाबदारी शासनावर टाकली. नोंद नाकारणे म्हणजे मनाई करणे नव्हे, हे किती वेळा सांगावे? शेजारच्या यवतमाळात २०१७ च्या डिसेंबरअखेर एका तरुणाने आपल्या परदेशी जोडीदाराशी समारंभपूर्वक लग्न केले, तेव्हा कलम ३७७ लागू होते. आज तसा समारंभ करणाऱ्यास ते भय नाही, मात्र सरकारदप्तरी त्याची विवाह म्हणून नोंद होत नाही.

ही उणीव लहान नव्हे, कारण मृत्युपत्र नसेल तर आयुष्यभराचा जोडीदारही कायद्याने वारस ठरत नाही. ९ जानेवारी २०२५ रोजी पुनर्विलोकनाचे अर्जही नामंजूर झाले. तथापि "सारे संपले" हेही खरे नव्हे: २०१३ च्या डिसेंबरात याच न्यायालयाने ३७७ कायम ठेवले, पुढच्याच महिन्यात पुनर्विलोकन नाकारले, आणि २०१८ मध्ये तोच निर्णय चुकीचा ठरवून उलटवला. शिवाय कायदा करण्याचा संसदेचा अधिकार कोणत्याही निकालाने संपलेला नाही.

इतर समजुती थोडक्यात. समलैंगिकता हा आजार नव्हे. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये लैंगिक कल "बदलण्याचे" उपचार हे व्यावसायिक गैरवर्तन ठरवले. हे परदेशातून आलेले खूळही नव्हे; या विषयाची शास्त्रीय चर्चा र. धों. कर्व्यांनी आपल्या 'समाजस्वास्थ्य' मासिकात केली, तर परदेशातून आले ते इंग्रजांचे १८६० चे कलम. तृतीयपंथीयांना विवाहच करता येत नाही, हे चूक. भिन्नलिंगी नात्यातील तृतीयपंथी व्यक्तींचा प्रचलित कायद्याखालील विवाहहक्क पाचही न्यायमूर्तींनी मान्य केला. बँकेत संयुक्त खाते उघडण्यास व जोडीदाराचे नामनिर्देशन करण्यास आडकाठी नाही, असा खुलासा केंद्रीय अर्थखात्याने ऑगस्ट २०२४ मध्ये केला आहे.

वारसाची उणीव भरून काढणारे मृत्युपत्र साध्या कागदावर, दोन साक्षीदारांसमक्ष सही करून होते. त्यास मुद्रांक लागत नाही आणि नोंदणीचीही सक्ती नाही. ज्यांच्या संसाराची दप्तरात नोंद नाही, त्यांनी हा दस्तऐवज विनाविलंब करून ठेवावा.